लँड कव्हरच्या नकाशावरून प्राण्यांचा अधिवास ठरवणं कितपत बरोबर?

माळावरचा:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. अधिवास संरक्षणाचा कुठलाही प्लॅन उघडा, पहिल्याच पानावर उपग्रहावरून काढलेला लँड कव्हरचा, म्हणजे जमिनीवर काय काय आहे ते दाखवणारा, रंगीत नकाशा असतो, गडद हिरवं म्हणजे जंगल, फिकट म्हणजे झुडुपं, पिवळट म्हणजे गवत नाहीतर सरळ 'पडीक', आणि वाचवायचं काय तर गडद हिरवं. हे वर्ग माणसाने स्वतःच्या सोयीने पाडलेत हो. एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची, जंगलाची व्याख्या बघा, किमान अर्धा हेक्टर जागा, 5 मीटरपेक्षा उंच झाडं, जमिनीच्या 10 टक्क्यांच्या वर भागावर फांद्यांचं छत्र. यात रबराची लागवड जंगल म्हणून बसते आणि पामतेलाची बसत नाही. धनेशाला दोन्ही सारखेच निरुपयोगी, त्याला घरट्यासाठी ढोली असलेलं जुनं झाड लागतं. म्हणून म्हणतो आधी प्राणी ठरवा, त्याला काय लागतं ते बघा, मग वर्ग पाडा. नाहीतर नकाशांवर जाणारा पैसा रानात फिरणाऱ्यांना द्या.

पिक्सेलराव:
फिरणारी माणसं फिरून फिरून किती फिरणार? लँडसॅट ही अमेरिकेच्या उपग्रहांची मालिका 1972 पासून फोटो काढतेय, 2008 मध्ये तो सगळा साठा फुकट खुला झाला. युरोपचा सेंटिनेल-2 2015 पासून आहे, 10 मीटरचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक चौकोनी ठिपका, आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर 5 दिवसांनी तीच जागा बघतात. 30 वर्षांपूर्वी इथे काय होतं हे आज चालत जाऊन कसं सांगणार? अधिवास कुठून तुटत गेला, दोन तुकड्यांमधली पट्टी कुठे शिल्लक आहे, हे नकाशाशिवाय कळतच नाही. व्याख्या चुकली तर व्याख्येला बोला, उपग्रहाने काय घोडं मारलंय?

उनाडपाखरू:
पट्टी दिसते, तिच्यात मारलेलं तारेचं कुंपण दिसत नाही. चालू द्या तुमचं.

दुर्बीणवाली:
कुंपण सोडा, झाडाखालचंसुद्धा दिसत नाही. वरून छत्र दाट आणि खाली नुसती घाणेरी माजलेली, गवताचं पातं नाही, अशा ठिकाणी चरणारे प्राणी राहतील कशाला? नकाशात मात्र ते एक नंबर जंगल. एनडीव्हीआयचं, म्हणजे उपग्रहावरून हिरवेपणा मोजणाऱ्या आकड्याचं, तर असं आहे की एका दाटीनंतर आकडा वाढायचाच थांबतो, मग जुनं जंगल आणि तरुण दाट लागवड दोन्ही सारखीच हिरवी.

पिक्सेलराव:
ही तक्रार साध्या कॅमेऱ्याची झाली. 2018 च्या शेवटी गेडी नावाचा लेझर अंतराळ स्थानकावर पाठवला तो याचसाठी, झाडाची उंची आणि मधले थर दोन्ही मोजतो.

दुर्बीणवाली:
मोजतो, पण ठिपक्या ठिपक्यांनी. एकेक ठिपका साधारण 25 मीटरचा, मधली जागा अंदाजाने भरायची. आणि अचूकतेचं काय? 2020 चा जगभराचा 10 मीटरचा वर्ल्डकव्हर नकाशा चांगलाच म्हणायचा, तरी एकूण अचूकता 75 टक्क्यांच्या आसपास, तीही सरासरी. झुडुपं आणि पाणथळ गवत हे वर्ग त्याहून कच्चे, आणि कित्येक प्राणी नेमके तिथेच राहतात!!

शंकेखोर:
मला माळावरच्यांचंच पटत नाहीये. वाघाचा वेगळा नकाशा, सरड्याचा वेगळा, बेडकाचा आणखी वेगळा, मग फाइल हलणार कधी? निर्णय घेणाऱ्याला एक रेघ लागते, इथून आत खोदकाम नाही. ओबडधोबड नकाशा आज हातात असलेला बरा, तुमचा बारीक नकाशा येईपर्यंत तिथे नांगर फिरलेला असेल.

माळावरचा:
ओबडधोबड नकाशाने नुकसान होत नाही असं कोणी सांगितलं? 2019 मध्ये जगात कुठे कुठे झाडं लावता येतील याचा मोठा अभ्यास 'सायन्स' या शोधपत्रिकेत आला, सुमारे 90 कोटी हेक्टर जागा निघाली. लगेच इतर शास्त्रज्ञांनी टीका केली की यात नैसर्गिक गवताळ प्रदेश आणि सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांचे माळ, पण मोजलेत. म्हणजे गवतावर जगणाऱ्या प्राण्यांची घरं 'रिकामी जागा' ठरली, आणि तिथे झाडं लावली की काम झालं म्हणून टाळ्या वाजणार. आणि प्रत्येक प्राण्याचा नकाशा नकोच आहे मला. गवताची उंची, ढोलीची झाडं, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, अशा चारपाच गोष्टी धरल्या तरी बरेच प्राणी त्यात येतात. शिवाय कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही हंगामांची चित्रं घ्या की, उन्हाळ्यात वाळलेला माळ उघडी जमीन म्हणून रंगवून टाकतात.

पिक्सेलराव:
दोन हंगामांचं मान्य, ते न करणं हा निव्वळ आळस आहे. पण एक खरं सांगू का, नकाशा चुकतो त्यात तुमच्या फिरणाऱ्या माणसांचाही हात असतो. ग्राउंड ट्रुथिंगचे, म्हणजे जागेवर जाऊन खरं काय आहे ते नोंदवायचे, पॉइंट बघा कधीतरी, निम्मेअधिक रस्त्याच्या कडेला, जिथे गाडी जाते तिथे. नकाशा बनवणारं कॉम्प्युटरचं मॉडेल तेवढंच शिकणार ना, आतलं जंगल त्याला कोणी दाखवलंच नाही.

दुर्बीणवाली:
मग पॉइंट ऑफिसातच लॉटरीने पाडून द्या, डोंगराच्या पलीकडचे आले तर तिथे जायला दिवसही द्या, अर्ध्या दिवसात वीस पॉइंट मागू नका. आणि जिथे कोणीच गेलं नाही तो भाग नकाशावर राखाडी ठेवा, हिरवा नको.

शंकेखोर:
राखाडी ठेवला की पहिली खाण तिथेच मागतील, लिहून घ्या.