'हवामान बदल' की 'वातावरण बदल'? आणि तो 'मानायचा' का?

दर्यापूर (प्रश्न):
ग्रामसभेच्या भिंतीवर लावायला फलक लिहितेय. विषय असा की उन्हापावसाचं गणित बदललंय आणि कपाशी-तुरीला त्याचा फटका बसतोय. केंद्राच्या मंत्रालयाच्या नावात 2014 पासून 'हवामान बदल' आहे, राज्याच्या विभागाच्या नावात 2020 पासून 'वातावरणीय बदल'. कच्चा मजकूर वाचताच एकानं विचारलं, "हा कोणत्या पार्टीचा शब्द?" कोणता शब्द घ्यावा? आणि 'तुम्ही हवामान बदल मानता का?' हे पहिलं वाक्य कसं वाटतं?

वरूड:
ताई, 'वातावरण' नका घेऊ. पेपरात 'वातावरण तापलं' आलं की ते निवडणुकीचं असते. 'वातावरण बदललं' म्हटलं की लोक समजतात, हवा दुसऱ्या पार्टीची झाली. हा शब्द आधीच राजकारणात पडला आहे.

अकोला:
'हवामान'चीही अडचण आहेच. शाळेच्या भूगोलात 'हवा' म्हणजे आजची आणि 'हवामान' म्हणजे बऱ्याच वर्षांची सरासरी, असा भेद शिकवतात. पण तो भेद शाळेतच राहतो. हवामान खातं उद्याचा पाऊस सांगतं, म्हणून लोकांच्या लेखी उद्याचा पाऊस म्हणजेच हवामान. मग "हवामान तर रोजच बदलते, त्यात नवीन काय?" हे वाक्य पारावर बिनविरोध पास होतं. हिंदीत मौसम आणि जलवायु वेगळे आहेत, तिथे हे एवढ्या सहज बोलता येत नाही. म्हणून फलकावर 'हवामान' लिहाल तर सोबत 'तीस-चाळीस वर्षांचं' हेही लिहा.

पण माझा खरा आक्षेप 'मानता का' याला आहे. आपण देव मानतो, गुरू मानतो, एखाद्या पुढाऱ्याला मानतो. मानण्यात निष्ठा येते, आणि निष्ठा आली की माणूस आपल्या माणसांकडे बघून उत्तर देतो. आज नागपूरला 45 अंश आहे, हे कोणी 'मानत' नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालात आहे की 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं. क्रियापद 'वाढलं' आहे, 'वाढलं असं मानतात' नाही. तुमचा प्रश्न वाचणाऱ्याला नकळत बाजू निवडायला लावतो. त्याऐवजी विचारा, "तुमच्या शेतात काय बदललं?"

वरूड:
हे बरोबर. आमच्याकडे मृग बहारासाठी उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेला पाणी तोडून ताण देतात. पानं मलूल व्हायला लागतात, झाड दमते, मग पाण्यावर फूल फुटते. ऐन ताणात अवकाळी पाऊस पडला की ताण तुटला, बहार गेला. बांधावर हे सांगताना शेतकरी कोणत्याच पार्टीचा नसतो. तो म्हणते, "ऋतुमान फिरलं." हाच शब्द घ्या न, ताई! समजावून सांगायची गरजच नाही.

काटोल:
'अफवा', 'चुकीची माहिती' आणि 'अपप्रचार' हे तीन शब्दही लोक एकाच अर्थानं वापरून राहिले, त्यानं नुकसान होते. मे 2024 च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले. देशाचा विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा, 2016 मधला 51 अंशांचा. म्हणजे आकडा पाहूनच शंका यायला हवी होती. यंत्रातला संवेदक बिघडला होता, आणि हवामान विभागानं तसं सांगितलंही. पण तोवर 56 चा फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरून झाला होता. इथवर ती चुकीची माहिती, कोणाचा हेतू नव्हता. नंतर जे "पाहा, हे लोक आकडे फुगवतात, तापमानवाढ बनावट आहे" असं जाणूनबुजून पसरवतात, तो अपप्रचार. आणि कुठून आलं ते कोणालाच ठाऊक नाही, ती अफवा. 56 चा फोटो पुढे पाठवणाऱ्या पोराला 'अपप्रचार करतो' म्हणाल तर तो दुखावते, आणि मग खरा आकडाही ऐकत नाही. त्याला "तो आकडा चुकला होता, भाऊ" एवढंच म्हणावं.

चंद्रपूर:
शब्दांचं राजकारण मुद्दाम केलं जातं, याचा दाखला अमेरिकेत आहे. 2002 मध्ये फ्रँक लुंट्झ या प्रचारतज्ज्ञानं रिपब्लिकन पक्षाला लेखी सल्ला दिला होता: 'जागतिक तापमानवाढ' भीतीदायक वाटते, 'हवामान बदल' म्हणा, आणि विज्ञानाची अजून खात्री नाही हा मुद्दा लावून धरा. आपलं चुकलं, हे त्यानं 2019 मध्ये सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं. 'हवामान बदल' हा शब्द त्यानं घडवला नाही, संयुक्त राष्ट्रांच्या 1992 च्या करारात तो आहेच. पण तो मवाळ आहे म्हणून निवडला गेला.

'ऋतुमान फिरलं' हा शब्द मलाही जवळचा वाटतो. तरी एकटा तोच नको. त्यात कोणी काही केलं असं येतच नाही, ऋतुमान आपोआप फिरलं. पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "कलियुग आहे, चालायचंच." आमच्या भागात कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्रावर घरं चालतात. तिथे कारण सांगितलं की माणसाला आधी 'खाण बंद' ऐकू येतं आणि तो कान मिटतो, हे मी रोज पाहतो. म्हणून कारण गाळायचं, हे मला मान्य नाही. पोटाची भीती खरी आहे, तिच्याशी वेगळं बोलावं लागेल. पण फलकावर कर्ता हवाच: "कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून माणसानं हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला, त्यानं ऋतुमान फिरलं."

दर्यापूर:
'मानता का' खोडलं. चंद्रपूरचं वाक्य जसंच्या तसं घेते, त्याखाली 0.7 अंशांची ओळ आणि अहवालाचं नाव. आता 'हवामान अनुकूल शेती' राहिली. कृषी योजनेच्या कागदांवर हा शब्द आहे आणि आमच्याकडे लोक त्याचा अर्थ 'यंदा हवामान अनुकूल आहे' असा घेतात. 'ऋतुमान फिरलं तरी टिकणारी शेती' लांबतं का?

वरूड:
लांबू द्या. समजते न.