उलटं पायडल मारलं तरी पुढंच जाणारी सायकल बनवली, पण चेन उतरते

परतवाड्याचा_पाना: भाऊ, आमच्या शेताच्या वाटेवर लय चढ हाय म्हणून मागच्या चाकाले दोन फ्रीव्हील (एकाच दिशेनं चाक खेचणारं, दुसरीकडं मोकळं फिरणारं दातेरी चक्र) बसवले, एक 18 दातांचं अन् एक 22 चं, समोर पायडलजवळ 44 दातांचं चक्र, दोन चेना जोडून एक लांब केली अन् मधात पुली, म्हणजे 22 वाल्यावर चेन उलट्या बाजूनं येते. सरळ मारलं तं 18 खेचते, उलटं मारलं तं 22, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदाच फिरते, चढ हलका होते. पण उलटं मारताना पुलीवरून चेन उतरते, पोरीले शाळेत सोडताना दोनदा झालं. काय करू?

वर्धेकर: जबरदस्त! चेन एका फ्रीव्हीलवरून दुसऱ्यावर आडवी जाते ना, तं पुली थोडी तिरपी कर, दोन्ही लाइनीच्या मधात. अन् फिक्स ठेवू नको. ओढ कधी वरच्या चेनीत असते कधी खालच्या, पुलीकडं दोन्ही वेळा ढीलच येते. स्कूटरच्या ब्रेकची स्प्रिंग लाव, ढील खाऊन घेते.

जुनी_चाकं: फ्रान्समध्ये याचं पेटंट 1869 मध्येच निघालं होतं, अन् 1900 नंतर तिकडं अशा सायकली विकल्या बी जायच्या. एक सांभाळ, ही मागं ढकलता येत नाही, दोन्ही फ्रीव्हील एकमेकांले अडवतात.

परतवाड्याचा_पाना: हो ना! काल वसरीतून मागं काढली तं जाम, मले वाटलं एक्सल गेला. आता मागचं चाक उचलूनच फिरवतो. स्प्रिंग उद्या लावतो, सांगतो.