बांगलादेशातला गावचा फोन
हॅण्डसेट स्वस्त झाल्याशिवाय खेड्यात मोबाईल पोचणार नाही हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. बांगलादेशात १९९७ ला ग्रामीणफोन ही मोबाईल कंपनी सुरू झाली तेव्हा हॅण्डसेट चांगलाच महाग होता, तरी गेलाच ना खेड्यात, कारण गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या तिथल्या ग्रामीण बँकेच्या कर्जदार बायकांनी कर्ज काढून एकेक मोबाईल घेतला आणि गावाला मिनिटाच्या हिशोबाने वापरायला दिला. धानाचा भाव विचारायचा असो की आखातात गेलेल्या नवऱ्याशी बोलायचं असो, सगळे त्या फोनवालीच्याच अंगणात, आणि बाहेरून फोन आला की पोरगं पळत जाऊन शेजारणीला बोलावणार (आपल्या पीसीओसारखंच की!). शिवाय रेल्वेची फायबर लाईन आधीच टाकलेली होती, टॉवर जोडायला कंपनीने तीच भाड्याने घेतली, म्हणजे नवीन केबलसाठी देशभर खोदत बसायला नको, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.