विंडोज ‘टाकणे’, फॉरमॅट ‘मारणे’, फाइल ‘उडणे’ : क्रियापदांचे काय करावे?

विचारणा

जुने संगणक उघडून दुरुस्त करणे आणि त्यांवर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीची निरनिराळी वितरणे (तयार रूपे) चालवून पाहणे हा माझा छंद आहे. विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यापासून नात्यातल्या आणि ओळखीच्या अनेकांचे धडधाकट लॅपटॉप माझ्याकडे येऊ लागले. त्यांना पुढचे स्वतःचे स्वतः करता यावे म्हणून मी मराठीत एक सूचनापत्रिका लिहायला घेतली. नामांची अडचण आली नाही. रॅम, फाइल, पासवर्ड हे शब्द आता सर्वांचे झाले आहेत. अडले ते क्रियापदांशी. ‘इन्स्टॉल करणे’ यासाठी ‘प्रस्थापित करणे’ असे लिहिले, तर ‘प्रस्थापित’ म्हटल्यावर मराठी वाचकाला आधी राजकारण आठवते. बोलताना मात्र सगळे बिनदिक्कत ‘विंडोज टाकली’, ‘फॉरमॅट मारला’, ‘फाइल उडाली’ असे म्हणतात. ही क्रियापदे लेखी मराठीत चालावीत का, आणि त्यांच्या अर्थांत काही नियम सापडतो का, हे जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

‘टाकणे’ लेखी भाषेत नको, असे माझे मत आहे. त्याचा अर्थ फेकणे किंवा त्याग करणे असा आहे. भाजीत मीठ घालतात, टाकत नाहीत, हे आमच्या पिढीला घरीच शिकवले जात असे. आता सर्रास होणारा वापर हिंदीतल्या ‘डालना’च्या वळणाने आला आहे. शिवाय त्यातून घोटाळाही होतो. ‘दुकानदाराने विंडोज टाकून दिली’ या वाक्यावरून त्याने ती लॅपटॉपमध्ये घालून दिली की काढून फेकली, हे कसे समजावे?

त्यावर

मिठापुरते आपले म्हणणे मान्य आहे, परंतु ‘टाकणे’ म्हणजे केवळ फेकणे नव्हे. पेटीत पत्र टाकतात, सुनेवर जबाबदारी टाकतात, माणसावर विश्वास टाकतात, आणि यांपैकी एकही प्रयोग हिंदीतून आलेला वाटत नाही. या सर्वांत एक समान धागा दिसतो : वस्तू आपल्या हातून सुटते आणि पुढचे काम ज्याच्याकडे ती गेली त्याने करायचे असते. पत्र टाकल्यावर टपालखाते पाहते. पासवर्ड टाकल्यावर यंत्र तो पडताळते. लिनक्स टाकायला सुरुवात केली, की चार प्रश्नांची उत्तरे देऊन आपण हात बांधून बसतो. ‘घालणे’ मात्र खाचेत, भोकात, खिशात काहीतरी सरकवण्याच्या क्रियेला चिकटून राहिले आहे. म्हणूनच सिम घातले, पेनड्राइव्ह घातला असे आपण सहज म्हणतो, पण ‘विंडोज घातली’ असे निदान मी तरी ऐकलेले नाही.

घोटाळ्याविषयी म्हणाल, तर तो विभक्तीने आणि शब्दयोगी अव्ययाने सुटतो. ‘लॅपटॉपमध्ये विंडोज टाकून दिली’ आणि ‘लॅपटॉपमधली विंडोज टाकून दिली’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. एका ‘ली’ने अर्थ उलटा होतो, आणि कोणत्याही मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

‘बसवणे’ हे आणखी निराळे आहे. ‘आठ जीबी रॅम टाकून घेतली’ म्हणणाऱ्याचा रोख क्षमता वाढवण्यावर असतो, तर ‘रॅम बसवली’ म्हणणाऱ्याने ती पट्टी स्वतःच्या हाताने खाचेत दाबलेली असते आणि बाजूची कडी लागल्याचा आवाजही ऐकलेला असतो. पत्रिकेत सुट्या भागांसाठी ‘बसवणे’ आणि प्रणालीसाठी ‘टाकणे’ ठेवावे, असे सुचवतो.

आणखी एक प्रतिसाद

‘मारणे’विषयी थोडेसे. एंटर मारणे, प्रिंट मारणे, रिस्टार्ट मारणे या प्रयोगांत हिंसा नाही. हाक मारणे, शिट्टी मारणे, शिक्का मारणे यांप्रमाणे तेथे एका झटक्यात उरकणारी कृती अभिप्रेत आहे. ‘फॉरमॅट मारणे’ मात्र मला झाडू मारणे आणि भिंतीला रंग मारणे यांच्या घरातले वाटते, कारण तेथे सबंध पृष्ठभागावरून हात फिरवल्याची कल्पना आहे. ती कल्पना फसवी आहे, एवढे पत्रिकेत अवश्य लिहावे. झटपट फॉरमॅटमध्ये फायलींची नोंदवही नव्याने मांडली जाते. मजकूर बहुतांशी जागच्या जागी राहतो आणि योग्य साधनांनी परत मिळवता येतो. विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट करताना सगळीकडे शून्ये लिहिली जाऊ लागली तीसुद्धा विस्टा आवृत्तीपासून. एक्सपीपर्यंतचा पूर्ण फॉरमॅट केवळ तबकडीवरचे खराब भाग तपासत असे. त्यामुळे जुना संगणक विकताना ‘फॉरमॅट मारला आहे’ एवढ्या आश्वासनावर कोणी निर्धास्त राहू नये.

दुरुस्तीच्या बाजूने

वरील चर्चेत बिघाडाची क्रियापदे राहून गेली आहेत, आणि खरी श्रीमंती तेथे आहे. लोकांनी सांगितलेल्या एका क्रियापदावरून बिघाड कोठे असावा याचा अंदाज मला अनेकदा बांधता येतो.

‘नेट गेले’ म्हणजे ते परत येणार आहे. लाइट गेली, रेंज गेली यांतही परतीची अपेक्षा धरलेली असते. तेच ‘जाणे’ सुट्या भागाला लावले की अर्थ पालटतो. ‘हार्डडिस्क गेली’ या वाक्यातले ‘जाणे’ हे माणसाच्या जाण्यासारखे अखेरचे असते. ‘उडणे’ त्याहून आकस्मिक आहे. फ्यूज उडतो, तसा वीजपुरवठ्याचा डबा उडतो, आणि ‘उडाला’ म्हणणाऱ्याला ‘जळका वास आला का?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा होकारार्थी येते. फाइल ‘उडाली’ यात मात्र रंग उडणे, झोप उडणे यांची छटा आहे : होती, आणि पाहता पाहता नाहीशी झाली. ‘फाइल काढली’ म्हणणारा जबाबदारी घेतो. ‘फाइल उडाली’ म्हणणारा ती कोणावरच ठेवत नाही. ग्राहक पुष्कळदा ‘उडाली’ हेच क्रियापद निवडतात, याचे आता आश्चर्य वाटत नाही.

एक तांत्रिक भेदही येथे नोंदवतो. तबकडीच्या हार्डडिस्कवरून उडालेली फाइल त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत खरोखर उडालेली नसते, म्हणून अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करावे. एसएसडीमध्ये (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये) मात्र ‘ट्रिम’ या आज्ञेने रिकाम्या झालेल्या जागेची सूचना आत पोहोचते आणि ती जागा यथावकाश पुसली जाते. तेथे ‘उडाली’ हा शब्द बऱ्याच अंशी खरा ठरतो.

‘बसणे’ आणि ‘उतरणे’ ही जोडी विशेष आवडती आहे. बॅटरी ‘उतरली’ म्हणजे चार्ज करावी लागेल. ‘बसली’ म्हणजे बदलावी लागेल. आवाज बसतो, धंदा बसतो, तशीच ही. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी असते (२० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, हे त्या अंकांतच लिहिलेले आहे). ती बसली की संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळेसुद्धा उघडेनाशी होतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत त्या चुकीच्या तारखेशी जुळत नाही. लोक ‘नेट गेले’ अशी तक्रार घेऊन येतात, आणि बसलेली असते ती ही टिकली.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. ‘टाकणे’, ‘बसवणे’, ‘उतरणे’ आणि ‘बसणे’ पत्रिकेत येतील. ‘मारणे’ची चव मला आवडते, तरी वयस्क वाचकांसाठी तेथे ‘करणे’च ठेवतो. ‘डाउनलोड करणे’ यासाठी काय सुचवाल? ‘अधोभारण’ कृपया नको.

त्यावर

‘उतरवून घेणे’. पूर्वी पोथी उतरवून घेत, तेव्हा मूळ पोथी ज्याची त्याच्याकडेच राहत असे आणि आपल्या हाती नक्कल येत असे. डाउनलोडमध्ये नेमके हेच घडते. मराठी विकिपीडियावर चित्र अपलोड करण्यासाठी ‘चढवणे’ रुळले आहे, तेव्हा जोडीही जमते. फक्त ‘घेणे’ गाळू नका; नुसते ‘उबुंटू (लिनक्सचे एक वितरण) उतरवले’ असे लिहिलेत, तर कोठून तरी खाली काढून ठेवले असे वाटेल.