बाबा ड्युटीवर, पोरं घरी: तुमचे अनुभव लिहा

नेव्ही नगरला राहतो आम्ही, नवरा शिपवर. २०२५ च्या मे मधे, ७ तारखेला मुंबईत मॉक ड्रिलचे भोंगे वाजले, त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूर झालेलं, माझा सात वर्षांचा लेक सरळ कपाटात जाऊन बसला. शिप बाहेर, नवऱ्याचा फोन बंद. मग रोज शाळेच्या वेळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले पोट ठणठणीत आहे. मी ओरडले हो त्याला, नाटकं करतोस म्हणून, आता आठवलं की कसंतरी होतं. शेवटी १४४१६ ला फोन लावला (टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात, फौजी लोकांसाठी डिसेंबर २०२३ मधे पुण्यात एएफएमसीला, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, वेगळा सेल पण सुरू झाला). त्या बाईंनी एवढंच विचारलं, तुम्ही त्याला काय सांगता? मी रोज 'उद्या येईल फोन' सांगत होते. त्या रात्री खरं सांगितलं, कधी येईल मलाही माहीत नाही, समुद्रात फोन लागत नाही. तेव्हा रडत म्हणाला, मी जाताना बाय नव्हतं केलं म्हणून बाबा रागावलाय ना? महिनाभर हे पोटात घेऊन फिरत होता पोरगा! तुमच्याकडे काय झालं, लिहा.

लालबागची पोर

कारगिल, १९९९. मी चौथीत, पप्पा तिकडे वर. शवपेट्या दाखवायला लागले की आजी टीव्ही बंद करायची, पण चाळीत बंद करून काय उपयोग, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा चालूच, आवाज येतो चित्र नाही, मग चित्र आपणच रंगवायचं. पत्रावर पत्ता नुसता '५६ एपीओ'. नकाशात ते गाव शोधून शोधून थकले. गाव नाहीच ते, फौजेचं पोस्ट ऑफिस आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही, मला वाटलं पप्पा नकाशातच नाहीत.

पाणबुडीवाला, आता रिटायर्ड

आम्ही खाली गेलो की घरी फोन विषयच नाही. जायच्या आधी टेपवर गोष्टी भरून ठेवायचो, मुलगी झोपताना ऐकायची. बायको सांगते, गोष्टीपेक्षा मधला माझा खोकला तिला जास्त आवडायचा. पण परत आलो की ती जवळच यायची नाही, टेपमधला बाबा बरा म्हणायची. आठवडाभर तरी लागायचा. मी घाई केली की अजून लांब पळायची. ह्यावर कोण बोलत नाही, सगळं लक्ष जाण्यावरच.

बोरिवलीची आजी

जावई आर्मीत, सध्या फील्डला, लेक आणि नातू माझ्याकडे. एक विनंती, पाहुण्यांनी 'तू आता घरातला पुरुष, आईला सांभाळ' हे बोलणं बंद करावं. नातू नऊ वर्षांचा! हे ऐकल्यापासून रात्री उठून दाराची कडी बघायचा, दोनदा, तीनदा. मी ओरडले नाही, उठून त्याच्यासोबत जायचे. आता ठरलंय, कडीचं खातं आजीचं. हल्ली तो अंथरुणातूनच विचारतो, आज्जी लावलीस का? मी लावली म्हणते. मग झोपतो.