गणिताच्या पेपरची आदली रात्र : तुमचे अनुभव लिहा

खिडकीतली_मांजर :
लेकीचा उद्या गणिताचा पेपर. सातवी, सेमी-इंग्लिश. काल रात्री साडेनऊला वही घेऊन आली, "आई, फ्रॅक्शनला फ्रॅक्शनने भागताना उलटं का करायचं तेवढं सांग, बाकी सगळं झालंय." बाकी सगळं झालंय हे मी पण आईला म्हणायचे त्यामुळे किती झालंय ते लगेच कळलं. मी म्हटलं अगं, दुसऱ्याचा छेद वर जातो आणि अंश खाली... तर म्हणे "छेद म्हणजे?" घ्या आता! तिला अंश-छेद माहीत नाहीत आणि मला न्युमरेटर वरचा की खालचा हे आजही थांबून आठवावं लागतं. पंधरा मिनिटं आम्ही दोघी आपापलं बरोबर बोलत होतो आणि कोणालाच काही कळत नव्हतं.

मग एकदम आप्पा आठवले. माझी सातवी, स्कॉलरशिपचं वर्ष, लाइट गेलेली, कंदील, आणि मी ह्याच गणितावर रडत बसलेली. आप्पांनी टोपल्यातल्या तीन भाकऱ्या काढून पुढ्यात ठेवल्या. "ह्याच्यातनं चतकोर किती निघतील?" मी म्हटलं बारा. "मग झालं की. तीन भागिले एक चतुर्थांश बारा. भागून वाढलं कसं म्हणून रडतीस, तू भाकऱ्या कुठं मोजल्यास, चतकोर मोजलेस." आजी आतून ओरडली की अन्नाशी खेळ नको. ते एक गणित मी आयुष्यात परत चुकले नाही (बाकीची चुकले).

काल पोळ्या घेऊन सेम केलं. लेक म्हणाली "ओके कळलं, पण पेपरात पोळी काढली तर मार्क देतील का?"

तुमच्या घरी ह्या रात्री काय व्हायचं, लिहा.

भर_उन्हात_चहा :
आमच्याकडे कारण विचारायची पद्धतच नव्हती. "उलटा करा आणि गुणा, पुढे." उद्या पेपर म्हणजे आज छडीला तेल. चतकोरवाले आप्पा मिळाले असते तर मी आज इंजिनिअर असतो. (मी इंजिनिअरच आहे पण चांगला असतो)

सातारी_कंदी :
कंचेभागुबेव!! कोणाला आठवतंय का. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मला सहावीपर्यंत हे कोणातरी गणितज्ञाचं नाव वाटायचं, भास्कराचार्य तसे कंचेभागुबेव. आणि ते "चे" काय असतं ते तर कॉलेजात कळलं, २० चे अर्धे मधलं चे. नवऱ्याला परवा विचारलं ६ अधिक ४ गुणिले ३ किती, ३० म्हणाला. बँकेत आहे. मी काही बोलले नाही.

भर_उन्हात_चहा :
कुठली बँक ते सांगा, खातं बंद करतो

सातारी_कंदी :
😂 नाही सांगणार

फक्की_आणि_दोरी :
पायथागोरस सातवीलाच असतो ना. आमचे अण्णा गवंडी, शिकलेले चौथी. माझ्या पेपरच्या आदल्या दिवशी ते मला साईटवर घेऊन गेले, आई भांडली की पोराचा उद्या पेपर आहे, तरी नेलं कारण हाताखाली माणूस नव्हता. पायाची आखणी चाललेली. कोपऱ्यातनं एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर, आणि मला टेपचं टोक धरायला लावून दोन खुणांमधलं मोजलं. ४ फूट ११ इंच भरलं. म्हणाले कोन मारका (काटकोनापेक्षा लहान) झालाय, दोरी बाहेर घे. घेतली, बरोबर ५ आले तेव्हा फक्की टाकली. मी म्हटलं अण्णा हे आमच्या पुस्तकात आहे, ३ चा वर्ग ९, ४ चा १६, बेरीज २५. ते म्हणाले असंल, पण मोठ्या खोलीला ६-८-१० घे, ३-४-५ मधली बारकी चूक पुढं भिंतीत वाढत जाती. हे काही पुस्तकात नव्हतं. पेपरात पायथागोरसवर नेमकं ५-१२-१३ आलं होतं, मी सोडवलं, पण त्याच पेपरात वर्तुळाचं सगळं गेलं कारण त्या दिवशी वर्तुळाची उजळणी करायची होती आणि मी टेप धरून उभा होतो.

खिडकीतली_मांजर :
@फक्की भारी लिहिलंय. मारका कोन हा शब्द पहिल्यांदा ऐकला

नदीकाठी :
मी घरी शिकवण्या घेते, सातवी-आठवीच्या, म्हणून लिहिते. आदल्या रात्री सगळं पुस्तक उघडून काही होत नाही, ज्या तीन जागी पोरं पडतात तेवढं बघा. एक, वर्गविस्तार. अ अधिक ब चा वर्ग लिहिताना मधले दोन अब हमखास गायब होतात. १०३ चा वर्ग करायला लावा, १०० चा वर्ग १०,०००, मधले ६००, ३ चा ९, झाले १०,६०९. मधलं सोडलं की १०,००९ येतं आणि खरा गुणाकार करून बघितला की त्यांचं त्यांनाच कळतं. दुसरं सरळव्याज, मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर सगळ्यांना पाठ असतं पण मुदत महिन्यांत दिली की संपलं. ८,००० रुपये, द. सा. द. शे. १०, मुदत ९ महिने, तर एका पोराने व्याज ७,२०० काढलं होतं. बरोबर उत्तर ६००. त्याला म्हटलं अरे सावकार पण लाजेल. तिसरं कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह, ते आत शिरताना फक्त पहिल्या पदाला लावतात आणि दुसऱ्याला विसरतात. एवढं झालं की झोपवा. झोप झालेलं पोर कमी चुकतं.

कोकणकडा११ :
+१ झोपेला

गव्हाची_खीर :
व्यस्तप्रमाण! १२ गडी एक काम ८ दिवसांत करतात तर १६ गडी किती दिवसांत. ९६ भागिले १६, ६ दिवस. मी शेतकऱ्याची पोरगी, वडलांना विचारलं तर म्हणले १६ लावले तर चौघं बांधावर तंबाखू मळत बसत्यात, ८च धर. मी ८च लिहिलं. शून्य मार्क. आजपण मला वाटतं वडलांचं बरोबर होतं

भर_उन्हात_चहा :
तुमच्या वडलांना प्रोजेक्ट मॅनेजर करा

र्‍हाइनकाठचा_पुणेकर :
लेकीला इथे जर्मनीत गणित शिकवतोय, तुमच्या अंश-छेदापेक्षा वाईट हाल. भागाकाराचं चिन्ह म्हणजे फक्त दोन टिंबं, आणि दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. साडेतीन लिहायला ३,५. मी टिंब देऊन ३.५ लिहिलं तर बाबा हे काय म्हणे. हजारांच्या मध्ये हे लोक टिंब देतात त्यामुळे १.५०० म्हणजे दीड हजार, मी दीड वाचतो. पाढे मात्र मी मराठीतच पाठ करून घेतले. "चौदा आठे बारोदरसे" (११२) तिच्या तोंडून ऐकून शेजारीण विचारत होती की प्रार्थना आहे का.

सातारी_कंदी :
बारोदरसे 😍 सतरा नव्वे त्रेपन्नासे (१५३)! कुठे गेले हे शब्द

ठिपक्यांची_रांगोळी :
कुठे जाणार, २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं "वीस एक" केलं तेव्हाच कळलं होतं सगळं जाणार

नदीकाठी :
अहो त्रेपन्नासेचा आणि त्याचा काय संबंध. आणि जुने शब्द काढले नव्हते, जोडाक्षरं जड जाणाऱ्या मुलांसाठी दुसरी पद्धत दिली होती. त्र्याण्णव म्हटलं की पोरं ३९ लिहितात, कारण तीन आधी ऐकू येतात. मी रोज बघते.

ठिपक्यांची_रांगोळी :
आम्ही नाही का शिकलो

नदीकाठी :
शिकलो ते दिसतो हो, नाही शिकले ते शाळा सोडून गेले

र्‍हाइनकाठचा_पुणेकर :
मध्येच बोलतो, जर्मनमध्ये पण एकवीसला आईन-उंड-त्स्वान्त्सिश म्हणतात, म्हणजे एक-आणि-वीस, आपल्यासारखंच एकक आधी. इथली मुलं पण आकडे उलटे लिहितात, आणि इथेही वीस-एक म्हणावं असं सांगणारे लोक आहेत. वाद सेम, फक्त चहाऐवजी कॉफी.

कोकणकडा११ :
धागा कुठे चाललाय

पाटी_फुटकी :
वाचत होते, लिहू की नको असं झालं. आम्हाला सातवीत एक सर होते, पेपरच्या आदल्या दिवशी वर्गात उभं करून ऋण गुणिले ऋण किती विचारायचे. मी ऋण म्हणाले. ऋण म्हणजे कर्ज, दोन कर्जं मिळून आणखी कर्जच ना, असा माझा विचार. सर म्हणाले हिच्या घरी कर्जच माहीत आहे. पूर्ण वर्ग हसला. आमच्या घरी खरंच होतं तेव्हा. गणित दहावीनंतर सोडलं. मागच्या वर्षी भाच्याला शिकवताना मीच डोकं लावलं, रोज ५० रुपयांचा हप्ता जातो म्हणजे उणे ५०, आणि तीन दिवसांपूर्वी म्हणजे उणे ३, तर तीन दिवसांपूर्वी माझ्याकडे आजच्यापेक्षा १५० जास्त होते. धन आलं की नाही. भाचा म्हणाला मावशी, आमच्या टीचरपेक्षा सोपं सांगितलंस.

खिडकीतली_मांजर :
@पाटी_फुटकी 🫂 हे मी आज लेकीला सांगणार. आणि त्या सरांना काय बोलू.

नदीकाठी :
पाटी, हे उदाहरण मी उद्यापासून वापरणार बरं का

डबा_विसरला :
लेकाची स्कॉलरशिप आहे, २०१७ ला चौथी-सातवीची पाचवी-आठवी केली होती, २०२५-२६ पासून परत चौथी-सातवी केली ना. त्यात काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात, दोन्ही रंगवले तरच मार्क. आमच्या वेळी एकच सापडायची मारामार. गणित ५० प्रश्न, भाषा २५, दीड तास. कोणाकडे जुने सरावसंच आहेत का, पीडीएफ चालेल

भर_उन्हात_चहा :
विपू (विचारपूस) बघा

खिडकीतली_मांजर :
अपडेट. पेपर झाला. भागाकाराचं गणित आलं होतं, उलटं करून बरोबर केलंय म्हणे. मी खूश होऊन विचारलं, पोळी आठवली ना? तर "नाही गं आई, नुसतं उलटं केलं, वेळ कुठे होता." सरळव्याजात महिने होते, तिने १२ ने भागलं (धन्स नदीकाठी). दोन अब विसरली.

गव्हाची_खीर :
विसरणारच होती

पोह्यात_शेंगदाणे :
सगळं वाचलं, छान धागा. भाकरीवरून आठवलं, ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात किती दिवस टिकतं, माझं आठ दिवसांत कडू होतंय आणि भाकरी थापताना चिरा पडतात

सातारी_कंदी :
एकदम दळू नका हो, चार-चार दिवसांचं दळा. आणि पीठ जुनं असेल तर उकड काढून घ्या, गरम पाण्यात