पाऊस चुकला की भोग बाईच्याच वाट्याला का?

बालाघाटची_लेक:
परवा एका चर्चेत एक जण म्हणाला की हवामान बदल सगळ्यांना सारखाच, ऊन काय बाई-बाप्या बघून पडतं का. ऊन बघत नसेल, पण आमच्या बीडमधे पाऊस चुकला की पुढं काय होतं ते सांगते. सोयाबीन जातं, मग ऊसतोडीच्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घ्यायचे, आणि ती एकट्याला मिळत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता. मग पाच-सहा महिने उसाच्या फडावर, तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीपर्यंत नेणार, राहायच्या कोपीपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपडीपाशी, ना संडास ना धड पाणी. पाळीत एक दिवस बसली तर खाडा, पैसे कापले, म्हणून पाळीच नको म्हणत कितीजणी पिशवी काढून घेतात. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझ्या चुलतीची काढली तेव्हा तिला तिशी पण लागली नव्हती. अजून घागर उचलायची म्हटलं की आधी कमरेला लुगडं करकचून बांधते.

सडेतोड:
ताई, वाचून वाईट वाटलं, पण हे हवामान बदलाच्या खात्यावर टाकू नका. खाडा मुकादमानं लावला, पिशवी डॉक्टरनं काढली, आणि जिथं प्यायला पाणी नाही तिथं पण ऊस लावायला कारखानदारांनी सांगितलं. ७२ चा दुष्काळ काय कमी होता? तेव्हा हा शब्द कुणाला माहीत पण नव्हता. हवामान बदल म्हटलं की सगळे सुटतात, दोष कुणाचा तर आभाळाचा!

माणदेशी_माती:
दादा मुकादमाचं पटलं, ७२ चं नाही. माझी आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायची, ती सांगते की पुढच्या पावसाळ्यात गाडं रुळावर आलं. आता बघा, २०१२ गेलं, २०१४ गेलं, २०१५ गेलं, २०१६ ला लातूरला मिरजेवरनं रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि २०२१ ला काढणीला आलेलं सोयाबीन गुलाब वादळाच्या पावसात सडलं. सावरायला मधे एक वर्ष मिळत नाही, म्हणून उचल फिटत नाही, म्हणून बाईला परत फड. मुकादम आधी पण होताच, त्याच्या तावडीत माणसं ढकलतंय कोण ते बघा की.

रोखठोक_विदर्भ:
आणि बाप्ये मजेत आहेत का? फास कोण लावून घेतंय? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांमधे पुरुषच जास्त, त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही. माझा सख्खा मामा गेला, म्हणून बोलतोय.

बालाघाटची_लेक:
दादा, मामांचं दुःख मी लहान करत नाही. पण मामींचं पुढं काय झालं ते पण सांगा. सातबाऱ्यावर त्यांचं नाव होतं का? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका जेमतेम १४ टक्के होत्या. नाव नाही म्हणजे बँक दारात उभं करत नाही, नुकसानभरपाई सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या खात्यात. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती करून बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या होत्या, ते तसंच सगळीकडं चाललं असतं तर आज हे बोलावं लागलं नसतं.

रोखठोक_विदर्भ:
नव्हतं नाव. मामी दोन वर्षं तलाठ्याकडं चकरा मारत होती. हे खरंय.

सडेतोड:
बघा, म्हणजे परत कायदा आणि माणसं, पाऊस कुठं आला यात? मी तेच म्हणतोय, पाळीचा खाडा बंद करा आणि उचलीतले तिचे पैसे तिच्या खात्यात टाका. त्याला पावसाची वाट बघायची गरज नाही.

बालाघाटची_लेक:
या दोन्ही मागण्यांवर मी तुमच्याबरोबर सही करते, आजच. पण दादा, यंदा पण आमचं रान गेलं. चुलत्यानं उचल घेतलीय, आणि चुलतीला डॉक्टरनं वजन उचलू नको म्हणून सांगितलंय. कोयता तर जोडीचाच लागतो. म्हणून चुलतभावाला घाईनं पोरगी बघतायत. जी बघून ठेवलीय ती दहावीत आहे.